दोन झाकणं

“घरातल्या बाटल्या एकदा सगळ्या बघून घे,” दवाखान्यातल्या शेख सिस्टर म्हणाल्या.

“बघायला राहिल्यात कुठे, सिस्टर? भंगारवाला तीन फेऱ्या करून गेला,” मी म्हणाले. शेजारच्या बाकावर बसलेले अण्णा, माझे वडील, मान खाली घालून हसायला लागले.

“त्या नाही गं. औषधाच्या. खोकल्याच्या, ताकदीच्या, अंगाला चोळायच्या. घरात येईल त्या बाटलीचं लेबल वाचायचं. कळलं नाही तर मला फोन करायचा. ही गोळी चालू असताना थेंबसुद्धा चालत नाही, कुठल्याही नावाने.”

“मी बी.एस्सी. केमिस्ट्री आहे, सिस्टर. लेबल वाचता येतं मला.”

“येतं ना? मग वाच.”

मी पर्समधून वही काढून लिहून घेतलं. खोकल्याचं औषध. दाढीनंतरचं लोशन. हात पुसायचं सॅनिटायझर. ताकदीचं काही लिहिलं नाही, कारण अण्णा ताकदीचं काही घेत नव्हते. मला सातवा महिना होता, पाय सुजले होते आणि बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. बाळंतपणासाठी मी लातूरहून बार्शीला, माहेरी आले होते. अण्णांनी त्याआधीच्या दिवाळीनंतर स्वतःच्या पायाने डॉक्टरांकडे जाऊन गोळी सुरू केली होती. ती घेऊन दारूची ओढ मरते असं काही नाही. तिचं काम एवढंच, की वरून दारू पोटात गेली तर माणसाला उभं राहू देत नाही. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. जास्त गेली तर जिवावर बेततं. म्हणून घेणाऱ्याला सगळं सांगून, त्याची सही घेऊनच ती देतात. “चहात घालून दिली तर?” असं आईने सुरुवातीला विचारलं होतं, तेव्हा एरवी शांत असणाऱ्या शेख सिस्टर तिच्यावर भडकल्या होत्या.

गोळी रोज सकाळी कोणाच्या तरी समोर घ्यायची असा नियम होता. मी येईपर्यंत ते काम आईकडे होतं. मी आल्यावर अण्णा म्हणाले, “आता हेमूच्या हातची घेणार. तुझ्या आईच्या हातची कडू लागते.”

मग रोज सात वाजता मी त्यांच्या तळहातावर गोळी ठेवायची. ते ती तोंडात टाकायचे, फुलपात्रातलं पाणी प्यायचे आणि लहान मुलासारखी जीभ बाहेर काढून दाखवायचे. “गेली बघ. पंचनामा लिहून घे.”

अण्णांचा धंदा भांड्यांवर नावं टाकण्याचा. आम्ही कासार, पण आजोबांचं दुकान काकांकडे गेलं आणि अण्णांच्या वाट्याला नाव टाकायचं मशीन आलं. पेनाएवढं मशीन, पुढे सुई, मागे वायर. भांडेगल्लीत एका मोठ्या दुकानाच्या पायरीवर ते बसायचे. लग्नाची, वास्तुशांतीची, बारशाची भांडी त्यांच्या हातून जायची. घर्रर्र आवाज करत सुई फिरायची आणि मागे बारीक टिंबांचं अक्षर उमटायचं. बार्शीतल्या निम्म्या स्वयंपाकघरांत माझ्या वडलांचं अक्षर आहे.

म्हणूनच त्यांच्या पिण्याचा हिशोब कोणाला सांगावा लागत नव्हता. आमच्याच मांडणीवर तो लागलेला होता. माझ्या जन्माच्या वेळच्या ताटावर ‘चि. हेमांगी’ मोत्यासारखं. मी दहावीला असतानाच्या पातेल्यावर काना खाली घसरलेला. माझ्या लग्नातल्या हंड्यावर तर ‘हेमांगी’तला अनुस्वार थेट ‘गी’च्या डोक्यावर जाऊन बसलेला. त्याच लग्नात पाठवणीच्या वेळी अण्णा मांडवामागे गाद्यांच्या ढिगावर झोपलेले सापडले होते. उठवायला गेल्या त्या माझ्या सासूबाई. म्हणून बाळंतपणाला मी बार्शीला जाणार म्हटल्यावर त्यांनी मला समोर बसवून विचारलं, “तुझ्या वडलांचं काय? आता खरंच बंद आहे?”

“चार महिने झाले, मम्मी. थेंब नाही.”

“तुझ्या शब्दावर पाठवते बघ. बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत राहा. पण काही कानावर आलं तर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात येईन.”

मी शब्द दिला होता. तो मला पोटातल्या बाळाइतकाच जड वाटायचा. अण्णा दुकानातून दहा मिनिटं उशिरा आले तरी मी दारात उभी. हात लावायच्या मिषाने शर्टाचा वास घ्यायची. त्यांना ते कळत असणार. ते सरळ माझ्या तोंडासमोर येऊन ‘हा’ करायचे. “घे. बडीशेप आहे.”

मुलगी झाली. मे महिन्यात, ऐन उन्हाच्या तडाख्यात. अण्णा दवाखान्यात पळत होते, घरी पाणी भरत होते, शेक-शेगडीचे कोळसे फोडत होते. बारसं बाराव्या दिवशी ठरलं. सासूबाई आदल्या दिवशीच लातूरहून आल्या. सोबत डिंकाचे लाडू, शेपा, ओवा आणि बाळंतिणीचा काढा, दोन मोठ्या बाटल्या. दोन्ही जेवणांनंतर दोन झाकणं, तेवढंच पाणी घालून. “आमच्याकडे सगळ्या बाळंतिणींना देतात. कमरेला बळ येतं,” त्या म्हणाल्या आणि बाटल्या स्वतः फळीवर लावून ठेवल्या.

नाव कोणालाच सांगायचं नव्हतं. ते बाळाची आत्या, माझी नणंद रोहिणीताई, कानात सांगणार. अण्णांनी मात्र मशीन आणि एक कोरी चांदीची वाटी तयार ठेवली होती. नाव जाहीर झालं की तिथेच, सगळ्यांसमोर, त्या वाटीवर टाकायचं असं त्यांनी ठरवलं होतं. सासूबाईंच्या समोर, असं त्यांच्या मनात होतं, पण ते बोलले नाहीत.

“रोहिणीताई,” ते सकाळपासून मागे लागले होते, “नाव नका सांगू. फक्त जोडाक्षर आहे का एवढं सांगा. वाटी लहान असते हो.”

“काका, चीटिंग नको.”

“बरं, रफार? रफार तरी नसू द्या.”

त्या दिवशी वाढपात अण्णांचं जेवण राहून गेलं. सव्वातीनच्या सुमाराला मी बाळाला पाजून बाहेर आले तर ते आमरसाच्या पातेल्याशेजारी कंबर धरून बसले होते. पिवळे पडले होते. मी त्यांना बळेबळे जेवायला बसवलं, दोन शब्द सुनावले आणि बाळाकडे परत गेले.

चार वाजता पाळणा झाला. रोहिणीताईंनी बाळाच्या कानात कुर्र केलं आणि मोठ्याने नाव सांगितलं, “स्निग्धा.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. “दोन? एका नावात दोन जोडाक्षरं?” सगळे हसले, सासूबाईसुद्धा.

“आधी फोटो,” माझा नवरा सुहास म्हणाला. “मग वाटी. अण्णा, बसा, बाळ मांडीवर घ्या.”

मी बाळ त्यांच्या मांडीवर दिलं आणि तेव्हा त्यांचा चेहरा जवळून बघितला. तो लाल झाला होता. उन्हाने होतो तसा नाही. कानांपासून गळ्यापर्यंत कुंकू फासल्यासारखा. डोळे तांबडे. मानेची शीर उडताना दिसत होती. बाळाखाली धरलेला हात थरथरत होता.

फोटोसाठी मोबाईल वर केलेला सुहास थांबला.

“हेमांगी,” सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, “बाळ घे आधी.”

मी घेतलं. घेतलं म्हणणं बरोबर होणार नाही. ओढून घेतलं. बाळ दचकून रडायला लागलं.

“अण्णा, घेतलीत?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग नजर माझ्या खांद्यावरून मागे स्वयंपाकघराकडे गेली, तिथून सासूबाईंकडे, आणि परत माझ्याकडे आली. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं, हे मला आजही स्पष्ट आठवतं. ते मिटलं.

“गरगरतंय जरा,” ते म्हणाले. “सुहासराव, मला बाहेर नेता का?”

ते न्हाणीपर्यंतही पोचले नाहीत. अंगणात, पाहुण्यांच्या चपलांशेजारी, भडभडून उलटी झाली. आई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. मी दारातच उभी राहिले. सुहासने रिक्षा आणली. रिक्षात बसताना अण्णा छातीवर हात धरून एवढंच म्हणाले, “तुम्ही खोळंबू नका. पेढे वाटून घ्या.”

आई त्यांच्यासोबत गेली. अर्ध्या तासात घर रिकामं झालं. जाणाऱ्या बायका मला ‘येते गं’ म्हणत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

सासूबाई ओरडल्या नाहीत. साडीचा पदर खोचून त्यांनी पसरलेली ताटं गोळा केली आणि म्हणाल्या, “सकाळी निघू आपण. बाळाचे कपडे तेवढे घे, बाकीचं मागून येईल.”

“हो,” मी म्हणाले.

मला रडू येत नव्हतं. मला समीकरण पाठ होतं. एका बाजूला गोळी, दुसऱ्या बाजूला लाल चेहरा. मधे एकच गोष्ट असू शकते. सकाळी सात वाजता माझ्या हातून घेतलेली गोळी, बाहेर काढून दाखवलेली जीभ, आणि नातीच्या बारशाला सुद्धा यांना राहवलं नाही. मी बाळाला सासूबाईंजवळ ठेवलं आणि बाटली शोधायला लागले.

अण्णांच्या जागा मला लहानपणापासून माहीत होत्या. पिठाच्या डब्यामागे. न्हाणीतल्या बंबाच्या खाली. जुन्या कुलरच्या पोटात. गच्चीवरच्या टाकीशेजारी विटांच्या फटीत. बारा दिवसांची बाळंतीण, मी गच्चीवर चढले. कुठेच काही नव्हतं. शेवटी राहिली मशीनची लाकडी पेटी. ती त्यांची स्वतःची, तिला आम्ही हात लावत नसू. मी ती उघडली.

मशीन, सुयांची डबी, फडकं. फडक्याखाली एक जुनी, पोचे आलेली ताटली होती. ती मी उजेडात धरली. तिच्यावर तसूभर जागा रिकामी नव्हती. अनुजा. मृण्मयी. क्षमा. प्राजक्ता. श्रद्धा. ऊर्मिला, दोनदा. मग नुसतीच जोडाक्षरं, शाळेतल्या पाटीसारखी: क्ष, ज्ञ, द्ध, ग्ध, स्न, ष्ण. कडेच्या ओळी जरा हललेल्या होत्या, आत आत येताना सरळ होत गेलेल्या. मधोमध सगळ्यांत ताजं, चकाकणारं एकच अक्षर होतं, ‘चि.’, माझ्या जन्माच्या ताटावर आहे तसं.

माझ्या मुलीला मिळू शकेल ते प्रत्येक नाव त्या माणसाने आधी लिहून ठेवलं होतं.

मी ताटली परत फडक्याखाली ठेवली. मला तेव्हा जास्तच राग आला. एवढं केलं आणि मग का?

आठ वाजता सासूबाईंनी मला जेवायला वाढलं. अंगावर पाजणाऱ्या बाईला उपाशी ठेवायला त्या तयार नव्हत्या. जेवण झाल्यावर त्यांनी फळीवरची बाटली काढली आणि वाटीत दोन झाकणं ओतून पाणी घातलं.

“घे. आणि झोप जरा.”

मी तोंडात घेतलं. गोड, मग तुरट, मग घशातून छातीपर्यंत उतरत गेलेली ती ऊब. आदल्या दिवसापासून मी ते घेत होते. चव एव्हाना ओळखीची होती. मी गिळायची थांबले.

सव्वातीन वाजता अण्णा आमरसाच्या पातेल्याशेजारी कंबर धरून बसले होते. मी त्यांना जेवायला बसवलं, सुनावलं, हे मी वर सांगितलं. मधलं एक मला तेव्हा सांगण्यासारखंच वाटलं नव्हतं. त्यांचं जेवण उरकल्यावर मी हीच बाटली काढली होती. “काय तोंड झालंय बघा तुमचं. हे घ्या, कमरेला बळ येईल.” अण्णांनी विचारलं होतं, “मला चालतं ना गं हे?” मी हसले होते. “बाळंतिणीचा काढा आहे अण्णा, चालायचं काय त्यात?” आणि दोन झाकणं, पाणीसुद्धा न घालता, कारण बाळ उठलं होतं आणि मला घाई होती.

मी तोंडातलं मोरीत थुंकलं आणि बाटली दिव्याखाली फिरवली. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, ते लिहिलेलं होतं: आंबवताना आपोआप तयार होणारा मद्यार्क, आणि पुढे टक्के. हे तर मला दुसऱ्या वर्षाला होतं. गूळ, मनुका, धायटीची फुलं, बंद भांडं आणि दिवस. असे काढे मुरवतात ते असेच. मी परीक्षेत आकृती काढली होती.

फोन लावताना दोनदा नंबर चुकला. पलीकडून शेख सिस्टरांनी उचलला.

“सिस्टर, अण्णांनी दारू नाही घेतली. मी, त्यांना मी…”

“दोन झाकणं काढा दिलास. माहितीय.”

“तुम्हाला कोणी…”

“त्यांनीच सांगितलं, आल्या आल्या. तुझी आई केसपेपर काढायला गेली तेवढ्यात. डॉक्टरांना कळायला पाहिजे म्हणाले, पण घरी सांगू नका म्हणाले. ते ठीक आहेत. सलाइन चालू आहे, ईसीजी चांगला आहे. बीपी उतरलं होतं, ते आता जागेवर आलंय. रात्रभर ठेवून घेतो. झोपलेत.”

“घरी सांगू नका का?”

“ते तू त्यांना विचार. मी उद्या तुला सांगणारच होते. असल्या गोष्टी गुपित ठेवून चालत नाहीत, परत कोणीतरी प्रेमाने पाजायचं.”

“मग बाळाला? मी दोन दिवस घेतेय ते, माझ्या दुधातून…”

“हेमांगी,” त्या म्हणाल्या. “सकाळी ये, तुझं डॉक्टरांना विचारू. बाळ व्यवस्थित पितंय ना? झोपतंय ना? मग आता तूही झोप.”

फोन ठेवून मी मागे वळले तर सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी बाटली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि ते बारीक अक्षर बराच वेळ वाचलं.

“ही तर मी आणली,” त्या म्हणाल्या.

“दिली मी, मम्मी.”

“ते खरं. पण आणली मी.” त्या पाटावर बसल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “तोंड उघडलं होतं गं त्यांनी. माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. मला वाटलं, लाजले.”

सकाळी जायची बॅग दारात भरून ठेवलेली होती. त्या उठल्या, बॅगेतली दुपटी काढून परत कपाटात लावायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सातला मी दवाखान्यात गेले, सोबत सासूबाई. त्यांच्या हातात चहाचा थर्मास होता. घरात चार माणसं असताना तो त्यांनी स्वतः केला होता आणि बाळाला रोहिणीताईंवर सोपवलं होतं. अण्णा खाटेवर उठून बसले होते. चेहरा उतरला होता, पण रंग त्यांचा त्यांना परत मिळाला होता. विहीणबाईंना बघून ते पाय खाली सोडायला लागले.

“बसा हो,” सासूबाई म्हणाल्या. “चहा आणलाय. आल्याचा आहे. आत दुसरं काही नाही, मी शपथेवर सांगते.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. “सिस्टर फुटल्या वाटतं.”

“त्या नाही फुटल्या. मला चव कळली,” मी म्हणाले. “तुम्हाला नाही कळली, अण्णा? तीस वर्षं…”

“घशाला पहिल्याच घोटाला कळलं.”

“मग थुंकलं का नाही?”

त्यांनी थर्मासच्या झाकणातला चहा फुंकला. “तू दिलं होतंस की. म्हटलं, ही रोज सकाळी मला गोळी देते, ही कशाला असलं देईल. माझ्याच डोक्यातली गेली नसेल अजून, म्हणून कशातही तीच लागते. असं वाटलं खरं मला. मग पाळण्याच्या वेळी कान तापले तेव्हा उमगलं.”

“तेव्हा तरी बोलायचं. मी सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं. बाळ ओढून घेतलं.”

“काय बोलू? पोरीने पाजलं म्हणू, तिच्या सासरच्यांपुढे? का विहीणबाईंच्या औषधाने झालं म्हणू, त्यांच्याच पुढे?” ते हसले. “माझं काय, मला सवय आहे बोलून घ्यायची. तुला अजून तिथे नांदायचंय.”

सासूबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. तशाच पाठमोऱ्या त्या म्हणाल्या, “गादीवरून उठवलं होतं तुम्हाला लग्नात, ते मी चार जणींना सांगितलंय. आता हेही त्या चौघींना सांगीन.”

“नका सांगू. गाद्यांचा किस्सा जास्त चांगला आहे.”

त्या हसल्या. मला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं. अण्णा म्हणाले, “गोळी दे की. सात वाजून गेले.” पण शेख सिस्टरांनी ती दिली नाही. डॉक्टरांनी दोन दिवस थांबायला सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी परत सुरू झाली. मी तळहातावर ठेवली, त्यांनी गिळली, जीभ दाखवली. त्याआधी मी घरातल्या फळ्यांवरची एकूण एक बाटली जमिनीवर मांडून, भिंग घेऊन वाचली होती. सासूबाई शेजारी बसून यादी करत होत्या. गुलाबपाणीसुद्धा सुटलं नाही.

वाटी त्याच दिवशी झाली. अण्णांना अजून अशक्तपणा होता. आई म्हणाली, आठ दिवसांनी करा, पण ते ऐकेनात. सतरंजीवर बसून त्यांनी वाटी फडक्यात गुंडाळून गुडघ्यांत धरली. ‘चि.’ झाला. ‘स्नि’ झाला. ‘ग्धा’ला त्यांनी मशीन बंद केलं, हात झटकला, परत चालू केलं. पाळण्यातली छोटी बाई घर्रर्र आवाज आला की पाय हलवायची.

“ग्ध जरा झुकला,” वाटी लांब धरून ते म्हणाले. “घासून काढून परत टाकतो.”

“हात लावायचा नाही,” सासूबाई म्हणाल्या आणि वाटी त्यांच्या हातून काढून घेतली.

बाळंतपणानंतर मी ठरल्याप्रमाणे तीन महिने राहिले. उलट चौथा महिना सासूबाईंनीच दिला.

अण्णांची गोळी नंतर दोन वर्षांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू बंद झाली. मधे एकदा, काका गेले तेव्हा, ते घसरले. तिसऱ्या दिवशी स्वतःच शेख सिस्टरांच्या दारात जाऊन बसले. ते मी लपवत नाही. त्याला आता पाच वर्षं होतील. पायरीवर अजून बसतात, लग्नसराईत तर रांग असते. स्निग्धा दुसरीत आहे. ती त्या वाटीत शिकरण खाते आणि आपल्या नावातला तो झुकलेला ‘ग्ध’ वहीतही तसाच काढते. बाईंनी लाल पेनाने गोल केला तर तिने सांगितलं, “आमच्या घरी असाच असतो.”

हे मी आज लिहायला बसले, कारण काल आमच्या गल्लीत एका बाईने मला विचारलं, तिच्या भावाने ती गोळी सुरू केलीय, पण अंगात त्राण नाही, तर घरी बाळंतिणीचा काढा उरलाय तो दिला तर चालेल का. तिने विचारलं तरी.

तुमच्या घरात, शेजारात, नात्यात असा कोणी असेल तर आज त्याच्याकडे एक चक्कर मारून या. चहाला म्हणून जा. बोलता बोलता त्यांच्या फळीवरच्या बाटल्या वाचा, मागच्या बाजूने. आणि कधी तो लाल चेहऱ्याने, कापत्या हाताने तुमच्यासमोर गप्प बसलेला दिसला तर आधी त्याला दवाखान्यात न्या. वाटेत ‘काय घेतलंस’ असं विचारू नका. तुला कोणी काय दिलं, एवढं विचारा.